बुजवलेले नऊ चर

मोटारसायकल उतारावरून आली ती मागचं चाक फरफटतच. पानं, खडे, माती उधळत ती मातीबाईच्या कुदळीपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली.

"मागचा ब्रेक असा आवळून धरला की चाकाचा नांगर होतो," ती म्हणाली. "हेल्मेट काढा. नांगरणाऱ्याचं तोंड तरी बघू."

त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, कान लाल, आणि हसू... हसू मात्र भलतंच नीटनेटकं.

ती मातीचं शास्त्र शिकलेली, म्हणून सगळे तिला मातीबाई म्हणत. जंगलातली मोटारसायकलस्वारांची ही खडी वाट ती दोन वर्षं जिवापाड जपत होती. वाटेचा नियम एकच – ज्यानं उकरलं, त्यानंच बुजवायचं. उद्या सकाळी वनाधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. माती वाहून गेलेली दिसली, की वाटेच्या फाटकाला कायमचं कुलूप!

"आणा ती कुदळ," तो म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर. खड्डे बुजवणं हा माझा धंदाच आहे."

"बघू की!"

ती खालच्या वळणावर दगड रचायला गेली. तासाभरानं परतली, तर स्वारी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी.

"माझा तर बुजवलाच. पण वर आणखी नऊ होते, आडवे. तेही भरून टाकले. ठोकून, अगदी पक्के!"

मातीबाईनं हातातला दगड खाली टाकला. "अहो, ते चर होते! पावसाचं पाणी वाटेवरून बाजूला काढायला मी खणलेले. अख्खा आठवडा गेला माझा..."

वर आभाळ गडगडलं.

आता हा पळ काढणार, असं तिला वाटलं. पण त्यानं खांद्यावर कुदळ टाकली. "कुठून सुरू करू?"

"वरून. पाण्याच्या आधी पोचलो तर... मागे बसा. गाडी मी चालवते."

"आणि मी काय धरू?"

"जीव मुठीत धरा!"

इंजिन गुरगुरलं. मुळांवरून, दगडांवरून गाडी उसळत वर निघाली. वाटेत तो दोनदा किंचाळला, ती दोनदा खळखळून हसली. माथ्यावरून दोघं एकेक चर उघडत उतरू लागले. पाचव्याला सरी कोसळल्या. आठव्याला त्याच्या तळहातावर फोड आले. नववा उघडला आणि गढूळ पाणी धावत आलं... क्षणभर अडखळलं... आणि शहाण्यासारखं बाजूला वळलं.

"वळलं!" दोघं एकदमच ओरडले. चिखलानं माखलेले हात एकमेकांत कधी गुंतले, कळलंच नाही. सुटलेही जरा उशिरानंच.

सकाळी वनाधिकारी बाईंनी नऊही चरांत काठी फिरवून पाहिली आणि फाटकाची किल्ली मातीबाईच्या हातात ठेवली.

पुढच्या रविवारी तीच गाडी पुन्हा चाक फरफटत आली. मातीबाईनं पट्टी काढून उकरलेला खड्डा मोजला. "सात सेंटिमीटर. मुद्दाम केलंत?"

"उकरलं, की बुजवायला थांबावं लागतं ना..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "थांबायला काहीतरी कारण हवं."

तिनं त्याच्या हातात कुदळ दिली.

"हे बुजवा. आणि पुढच्या वेळी दोन्ही ब्रेक हळूहळू, जोडीनं दाबा. थांबायला कारण... मी आहे की!"