सहावीच्या पाटीवरचा दुसरा हात

सत्राच्या पहिल्या दिवशी पोरांना आता वेळापत्रक मिळत नाही, सत्रपत्र मिळतं. घरोघरी वाटलेली अभ्यासपाटी पोरगं काय लिहितं, कुठं अडतं, किती वेळ लेखणी हवेत धरून बसतं, हे सगळं टिपून ठेवते. त्यावरून यंत्र ठरवतं की या पोराला या सत्रात काय शिकवायचं आणि काय शिकवून उपयोग नाही. प्रत्येकाचा कागद वेगळा. मोठं हुशारीचं काम आहे म्हणतात.

हौसाक्का जमदाडे तो कागद मुठीत धरून पालकसभेत शिरली, तेव्हाच बायका सरकून बसल्या. अडुसष्ट वर्षांची ही बाई बेदाण्याच्या शेडवर चाळीस बायकांची मुकादम. तिनं माल खराब म्हटला की खराब. सातवी शिकलेली बाई, तिला उलट कोण बोलणार?

"लोंढे बाई, हे काय दिलंय माझ्या नातीला?" तिनं कागद टेबलावर आपटला. "मराठीत अर्ज भरणं. गणितात वजनं-मापं. विज्ञानात हात धुणं. भूगोलात गावातले रस्ते. कार्यानुभवात निवडणी नि पॅकिंग. आणि हिच्या नातवाला," तिनं बाकावरच्या रंजना मानेकडं बोट केलं, "अपूर्णांक, कोन, अक्षांश-रेखांश, हडप्पाची गावं, चुंबक. एका वर्गात बसतात दोघं. त्याला अख्खी पृथ्वी आणि माझ्या स्वरांजलीला हात धुणं?"

"आक्का, यंत्र काय कुणाचं सोयरं हाय का?" रंजना म्हणाली. "पोरीला झेपतं तेवढंच दिलंय."

"तू गप. तुझा नातू परवापर्यंत उलट्या चपला घालून यायचा."

लोंढे बाईंनी सकाळपासून अशी सहा भांडणं ऐकली होती. त्यांनी पडदा हौसाक्काकडं वळवला. "तुमच्या पाटीवरचे अपूर्णांक. एकशे बारा गणितं, सत्त्याण्णव चूक, आणि गणितावरूनच बाकीचे विषय ठरतात. यंत्रानं काय करावं? आरती ओवाळावी?"

"माझी नात असं चुकत न्हाई."

"मग चुकतं कोण?" बाई वेळेच्या रकान्याकडं नीट बघायला लागल्या. त्यांचा आवाज उतरला. "दुपारी दोन ते चार. रोज. तेव्हा तर स्वरांजली माझ्यासमोर वर्गात असते."

हौसाक्कानं टेबलावरचा कागद उचलून पुन्हा मुठीत धरला.

दुपारी शेडवरच्या बायका चारपर्यंत आडव्या होतात. तेव्हा ती घरी जायची, आतून कडी घालायची आणि पाटी मांडीवर घ्यायची. आधी नुसतं बघायला, की पोरांना शिकवतात तरी काय. मग खाजच लागली. पाटी हसत नाही, चार बायकांत सांगत नाही. चुकलं की लाल फुली मारते. हौसाक्का ती फुली पदरानं पुसायची आणि पुन्हा लिहायची. पाटीवरचं पुसलं की गेलं, एवढंच तिला ठाऊक. तिच्या लहानपणीच्या पाटीला स्मरण नव्हतं.

"पाच वाजता सत्रपत्रं पक्की होतात," बाई म्हणाल्या. "एकदा अपूर्णांक कागदातून गळाले की यंत्र पुढं ते विचारतसुद्धा नाही. सातवीत तिला त्यावरचं काहीच मिळणार नाही. आठवीत तर नाहीच."

हौसाक्कानं खोलीभर नजर फिरवली. निम्म्या बायका तिच्याच शेडवरच्या.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

रंजना फिसकन हसली. "सातवी पास न्हवं तुम्ही?"

"दुसरी. ती पण अर्धी. हास आणखी."

"नातीसाठी कुणीही असं म्हणेल," लोंढे बाईंनी मान हलवली. "यंत्राला तोंडी चालत नाही. चूक ज्याची त्यानं इथं बसून दाखवायची. तुमची चुकायची तऱ्हा जुळली तर तेवढी गणितं वगळतं ते."

म्हणजे चार बायकांसमोर चुकून दाखवायचं होतं. हौसाक्का पोरांच्या बुटक्या बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लागले. शाळेतल्या पाटीवर आलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तिनं लिहिलं, दोन पंचमांश.

"असं का?" बाईंनी विचारलं.

"वर एक नि एक दोन. खाली दोन नि तीन पाच. ह्यात चोरी कसली?"

"आक्का, अर्धी पेटी बेदाणा आहे. त्यात पेटीचा तिसरा हिस्सा आणखी ओतला. माल वाढेल का घटेल?"

"वाढंल. आत उंदीर हाय का काय घटायला?"

"मग दोन पंचमांश कसे? ते तर अर्ध्याहून कमी."

हौसाक्कानं मनात पेटी भरून बघितली. मग मान वर करून म्हणाली, "हे एवढंच होतं तर तुमच्या पाटीनं का सांगितलं न्हाई? तीन महिने नुसती फुली मारत बसली."

बाईंनी पाटी पुन्हा तिच्यापुढं सरकवली. पुढची सहा गणितंही तिनं बाईंनी दाखवलेलं मुद्दाम बाजूला ठेवून, आपल्या जुन्याच रीतीनं सोडवली. सहाच्या सहा चूक. यंत्राला हात पटला. सत्त्याण्णव फुल्या गळाल्या आणि स्वरांजलीच्या नावाचा नवा कागद बाहेर आला. अपूर्णांक, कोन, अक्षांश-रेखांश, चुंबक. हौसाक्कानं तो हळूहळू, अक्षर लावत, मोठ्यानं वाचला. आता लपवायचं काय होतं?

लोंढे बाई मात्र पडद्यासमोरून हलल्या नाहीत. "वर्गाच्या एकतीस पाट्या," त्या पुटपुटल्या. "त्यातल्या अकरा शाळेच्या वेळात घरी चालतात."

"सगळ्यांवर चुकाच हायत का?" हौसाक्कानं विचारलं.

"नाही. काहींवर सगळं बरोबर आहे. नको तेवढं बरोबर."

बायकांच्या माना रंजनाकडं वळल्या. रंजनाची सून पदवीधर, दुपारी घरी एकटीच असते, हे गावाला ठाऊक होतं. रंजनानं नातवाचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

हौसाक्का बाकावरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "मी तर बसले बाई इथं. रंजे, तुझ्या घरी दुपारची पाटी कोण धरतं गं?"