हरवलेले दहा अँपिअर

"तोड ती तार!" बर्फाचा दुकानदार डॉन बिएन्वेनिदो ओरडला. "म्हातारीच वीज चोरते, म्हणून रोज गल्लीचा फ्यूज उडतो!"

तार तुटली. घरात युसेबिया आजीचा अंडी उबवायचा दिवा विझला. गल्लीतले लोक टाळ्या पिटून हसले. आजी हात जोडून म्हणाली, "पिल्लं टरफलं फोडतायत रे! निदान उद्यापर्यंत तरी..."

"मग तूच बस की उबवायला!" डॉन म्हणाला. पुन्हा हशा.

ईस्टरची सुट्टी होती. युडेल्का आणि तिचा मामेभाऊ फ्रेमिओ आजीकडेच पडून असायचे. दुसऱ्या सकाळपर्यंत अंड्यांच्या पेटीतली चिवचिव थांबली होती. फ्यूज मात्र पुन्हा उडालाच!

"आता कोण चोरतंय? मेलेली पिल्लं?" युडेल्का चिडून म्हणाली. "आणि डॉनचं वीज बनवायचं इंजिन गप्प आहे, तरी बर्फ विकतोय कसा?"

तिने वीजकाम करणाऱ्या आत्याला हाताला धरून आणलं. नवा फ्यूज घातल्यावर आत्याने वीज मोजायचा चिमट्याचा मीटर गल्लीच्या फ्यूजपेटीतल्या एकेका तारेभोवती धरला. गल्ली गोळा झाली. डॉनही मिरवत आला.

"आत येतात तीस अँपिअर," आत्या म्हणाली. "वरच्या आळीला बारा, खालच्या आळीला आठ."

"म्हणजे वीस! दहा गेले कुठे?" युडेल्का म्हणाली. "जोडावर वीज साठून राहत नाही. जेवढी येते, तेवढी बाहेर पडलीच पाहिजे!"

"बघा! म्हातारी अजून चोरतेय!" डॉन गरजला.

"तुटलेल्या तारेतून?"

युडेल्काने हात हलवला. बर्फाच्या दुकानात दबा धरून बसलेल्या फ्रेमिओने खटका पाडला. मशीनची घरघर थांबली.

"वीस!" आत्या ओरडली. "आत वीस, बाहेर वीस!"

फ्यूजपेटीमागचं प्लास्टर फोडलं, तर तिथे चौथी तार! थेट बर्फाच्या दुकानात गेलेली. डॉन पळायला लागला. कालच्याच लोकांनी त्याला चिखलात लोळवलं, तोंडात बर्फ कोंबला आणि कालच्यासारख्याच टाळ्या पिटल्या.

"शाब्बास पोरांनो! काय डोकं आहे!" म्हणत मोठ्यांनी दोघांना खांद्यावर घेतलं. कुणी ईस्टरला करतात त्या गोड घेवड्याच्या खिरीची वाटी पुढे केली. आजीची तार पुन्हा जोडली गेली.

"आजी, आता पिल्लं दे हं! मला सहा!" एक बाई हसून म्हणाली.

आजी आत गेली, ट्रे घेऊन आली. अर्धवट फुटलेल्या टरफलांतून ओल्या चोची बाहेर लोंबत होत्या.

"घ्या ना," ती म्हणाली. "मोजून घ्या."

कुणी पुढे आलं नाही. युडेल्का खांद्यावरून खाली उतरली.