गज कुठवर जातो

जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर माझ्या सोबत्यांनी शेती धरली, मी जुन्या बंदुका धरल्या. भंडाऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांचा गंज काढायचा, साल आणि बनावट ओळखायची आणि जाणकार म्हणून कागद लिहून द्यायचा. बायको रेणू याला रिकामटेकडेपणा म्हणते.

आंबागडच्या टेकचंदनं पोत्यात गुंडाळून आणलेली बंदूक चकमकीची होती. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, खालच्या पट्टीवर पुसट सिंह. कंपनी सरकारचा माल, दोनशे वर्षं तरी जुना. टेकचंदचा मुलगा अमर वनरक्षक म्हणून निवडला गेला होता आणि पोलीस पडताळणी तोंडावर होती. घरात बिनकागदाची बंदूक निघाली तर नोकरी हातची जाणार.

"जुनी हाय, निकामी हाय, येवढं लिहून द्या साहेब," तो म्हणाला. "फक्त नळीत हात नोका घालू. आमच्या घरी कोनीच नाई घातला."

असल्या सूचना मी या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडतो. नळीत गज घालायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावायचा. खूण तोंडाशी धरून तो मागच्या, ठिणगी आत शिरते त्या भोकापर्यंत पोचला तर नळी रिकामी. इथं चार बोटं कमी पडला. पाणी ओतून दारू भिजवली आणि टोकाला स्क्रू असलेल्या गजानं सगळं उपसलं: काळा चिखल, शिशाची गोळी, गोळीसोबत ठासलेली, बोटात भुगा होणारी चिंधी. गारही काढून खिशात टाकली.

दुसऱ्या सकाळी नळी पुसायला गज घातला. चार बोटं कमी.

या वेळी गोळी चकचकीत निघाली. चिंधी निळ्या चौकड्यांची होती आणि तिला घामाचा वास होता. बंदुकीला हात लावलास का, म्हणून मी रेणूवर खेकसलो.

"मले दुसरे धंदे नाईत का?" ती म्हणाली.

चिंधीचा फोटो टेकचंदला पाठवला. फोन त्याच्या बायकोचा आला, धुरपताबाईंचा.

"हा अमरच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा तुकडा हाय. कालपासून कोपरा फाटून हाय त्याचा. तिले खाली काहून केली तुमी? जशी होती तशी भरा आन आजच आनून द्या."

"बाई, भरलेल्या बंदुकीचा कागद कसा देऊ? पोराची नोकरी जाईल."

"जाऊ द्या नोकरी," त्या म्हणाल्या. "पोरगा राहू द्या."

मी ऐकायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं स्फोटकांत काढलेला माणूस मी, दुपट्ट्याच्या तुकड्याला काय भ्यायचं? उद्या कागदासकट बंदूक आणून देतो म्हणालो.

तिसऱ्या सकाळी पुन्हा चार बोटं कमी.

आता उपसायची हिंमत होईना. नळीचं तोंड भिंतीकडे करून बंदूक शिकंज्यात आवळली, खोलीला कुलूप घातलं आणि टेकचंदला फोन लावत राहिलो. लागला नाही.

दुपारी जेवून कुलूप उघडलं. गज घातला. तो सरसर आत गेला, थेट शेवटपर्यंत.

देव न मानणारा मी, देवाचे आभार मानले. तिथंच बसून कागद लिहिला, सही केली.

मग बंदूक सोडवायला नळी धरली आणि चटका बसला.

समोरच्या भिंतीचा पोपडासुद्धा उडाला नव्हता. रेणू दाराबाहेरच तांदूळ निवडत होती. तिनं काही ऐकलं नव्हतं.

फोन वाजला. टेकचंद होता. मागून धुरपताबाईंचा हंबरडा ऐकू येत होता.

"साहेब," तो म्हणाला, "कागद नाई लागत आता."