हरायच्या सगळ्या तऱ्हा

आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू भरदिवसा माणसं मारायचा. सकाळचे दहा वाजले की सुरू... गोळ्या, किंकाळ्या, धडाधड काहीतरी कोसळणं. जेवायला तेवढा थांबायचा. शेवटी मी सुनेला म्हटलं, "जा, सांग त्याला, खाली माणसं राहतात."

माणसं म्हणजे आम्ही दोघीच. माझा मुलगा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे मीठ कमी पडलंय आणि नळ गेलाय, एवढंच.

ती वर गेली ती पाऊण तासानं उतरली. पाऊण तास! आणि गाल... जाऊ दे. मला डोळे आहेत.

"व्हिडिओ गेम तपासतात ते," म्हणाली. "खोक्यावर वयाचा शिक्का असतो ना, सातच्या वर, बाराच्या वर, अठराच्या वर... कोणत्या मुलानं काय खेळावं, ते हे ठरवतात."

"मग खेळावं गुपचूप. ओरडतं कोण एवढं?"

"हरतात ना, म्हणून. हरल्यावरच सगळ्यात वाईट चित्रं येतात म्हणे. मग मुद्दाम हरायचं... जेवढ्या तऱ्हांनी हरता येईल तेवढ्या."

हरायचा पगार घेणारा माणूस मी जन्मात ऐकला नव्हता. मी त्याला शिक्केवाला म्हणायला लागले.

मग सूनबाईला वर कामं निघायला लागली. कपडे वाळत घाल, टाकीत पाणी बघ. एक दिवस मीही जिना चढले. गुडघे नको म्हणत होते, कान चल म्हणत होते. दार उघडं होतं. तो पडद्याकडे तोंड करून बसलेला आणि ती पडद्याकडे पाठ करून, मांडीवर विणकाम. मध्ये हातभर अंतर. मी पायरीवरच टेकले.

"आता कसे मेलात?"

"विहिरीत पडून."

"कालही विहिरीतच पडला होतात."

"काल उडी मारली होती. आज ढकललं..."

"कुणी?"

"तुम्ही. बोललात, नि माझं लक्ष उडालं."

ती खळखळून हसली. ते हसणं आमच्या घरात होतं, हेच मी विसरले होते.

"एकदा वळून बघू?"

"नको! हे बघून झोप लागत नाही."

"मग तुम्हाला लागते?"

त्यानं खेळ थांबवला. मग तो म्हणाला, "एका खेळात माझी हरायची एक तऱ्हा राहून गेली. सातचा आकडा दिला मी. नेमकं तिथंच भयंकर काहीतरी होतं. एका आईचं पत्र आलं... तिची मुलगी महिनाभर दिवा लावून झोपत होती. तेव्हापासून सगळं बघतो. एवढं डोळ्यांत साठलेल्या माणसानं कुणाजवळ जाऊ नये."

"मी तर हातभरावर बसलेय," ती म्हणाली.

तो पुन्हा खेळाकडे वळला. आठवडा गेला आणि तो खोली सोडतो म्हणाला. सून खाली आली आणि भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत बसली.

"का जातोय?"

"मला जपायला म्हणे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, वरून एकही गोळी सुटली नाही. मी गप्प बसले असते तर सून माझीच राहिली असती. दोन ताटं, दोन पेले. आणि ती गेली की मी आणि घड्याळ. पण त्या शांततेत मला तिची पुढची तीस वर्षं ऐकू आली. मी उठले.

तो पेटीला दोरी बांधत होता. "बसा ना, आई."

"आई म्हणायचं अजून ठरायचंय. आधी ऐका. तुमचे आकडे मुलांसाठी, आणि तिथं तुम्ही शहाणेच आहात. पण ती छत्तीस वर्षांची बाई आहे. नवऱ्याच्या तोंडावर चादर तिनं स्वतः ओढली, तेव्हा तिचे डोळे झाकायला कुणी आलं नव्हतं. तिनं कुणाकडे बघायचं, ते तिचं ती ठरवेल. तुम्ही भित्रे आहात. एवढ्या तऱ्हांनी हरलात, ही एक राहिली होती, तीही झाली. आता सोडा ती दोरी. खाली जा आणि तिला सांगा, वळून बघ म्हणून. मी इथंच बसते. मला जिना उतरायला वेळ लागतो."