आडवा खराटा

“पोर!”

कुणीतरी मागून ओरडलं आणि झुंबरच्या हातातला खराटा थांबला. भर दिवसा तिला ‘पोर’ म्हणून हाक मारायची कुणाची छाती झाली? तिनं पदर कमरेला खोचला, गर्रकन वळली — आणि तेवढ्यात एक पांढरा चेंडू सणसणत आला आणि शेजारच्या घमेल्यावर टणकन आपटला.

“पोर कुणाला म्हंतोस रं, ए पावण्या?”

समोरून एक उंच, सावळा गडी पळत येत होता. अंगात बाराबंदी, हातात साहेबाची मोडकी काठी. जवळ येऊन तो थबकला. त्यानं घमेल्यापाशी पडलेल्या चेंडूकडं बोट केलं.

“तुमास्नी न्हवं... चेंडूला म्हनलो.”

“चेंडूला?”

“साहेब लोक असंच वरडत्यात की! ‘पोर’ म्हंत्यात आन्‌ फटका मारत्यात. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील.”

झुंबरनं ओठ दाबून बघितलं, पण हसू काही आवरलं नाही. ती हसली तशी तोही हसला, आणि त्याच्या गालाला खळी पडते हे तिनं उगाचच पाहून ठेवलं.

त्याचं नाव आकाराम. बिद्रीकडचा. माळावर गवत कापायला कालच लागला होता.

माळ म्हणजे कळंब्याच्या वाटेवरचा, गोल्फाचा. महाराजांच्या राज्यात गोरे साहेब अधूनमधून तिथं खेळायला येत, घोडे बांधून ठेवत आणि दुपार कलली की निघून जात. मागं राहायची ती माळाची माणसं. मुकादम हुसेनचाचा, पाणी शिंपणारी तानाक्का, दोनचार गडी आणि झुंबर. साहेबांना चेंडू पाडायच्या डब्याभोवती हिरवळ हवी होती म्हणे, पण त्या मुरमाड माळावर कसली हिरवळ टिकते? मग जमिनीत पुरलेल्या डब्याभोवती बारीक वाळू पसरून गोल केला होता. साहेब त्याला काय म्हणत कोण जाणे. ही मंडळी त्याला खळं म्हणायची. खळ्यावरचे बुटांचे ठसे खराट्यानं पुसून वाळू सारखी करायची, हे झुंबरचं काम.

साहेब गेले की यांचा डाव सुरू व्हायचा. काठी एकच, तीही मोडकी. हुसेनचाचानं तिला बाभळीचा दांडा बसवून दिला होता. चेंडू झुडपात हरवलेला, नंतर सापडलेला. आकाराम आल्यापासून फटक्याआधी ‘पोर!’ म्हणून ओरडायची रीतच पडली. तानाक्कासुद्धा लुगडं सावरून ‘पोर!’ म्हणायची आणि हातभर लांब चेंडू ढकलायची.

खेळापेक्षा चेष्टाच जास्त चालायची.

“हुसेनचाचा, तुमचा चेंडू निवृत्त झाला जनू. जागंवरनं हलंना.”

“आन्‌ तुझा रं, आकाराम? वळू सुटल्यागत कळंब्याकडं पळतोय. तळ्यात आंघूळ करून यील आता.”

“त्येचा चेंडू कुठं जातोय ते समद्यास्नी ठावं हाय,” तानाक्का डोळे मिचकावायची. “डबा ऱ्हातो एकीकडं, आन्‌ चेंडू झुंबरच्या पायाशी.”

मग झुंबर खराटा उगारून तानाक्काच्या मागं लागायची. आकाराम मान खाली घालून काठी पुसत बसायचा. पुसण्यासारखं त्या काठीला काहीच नसायचं.

खरं सांगायचं तर झुंबर दिवसभर त्या वेळेची वाट बघायची. घरी तिला हसायची सोय नव्हती. लग्न झालं, वर्ष फिरायच्या आत नवरा तापानं गेला आणि ती भावाच्या दारात परत आली. तिच्या माणसांत विधवेचे पाट लागत होते, दुसऱ्या लग्नात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण विचारायला आला तो एकच, तोही नातवंडं झालेला बाप्या. त्याला तिनं तोंडावर नाही म्हटलं. भावजयीनं त्या दिवसापासून तिच्या ताटात भाकरी आपटून वाढायला सुरुवात केली. या सगळ्यात माळावर कुणीतरी तिची थट्टा करतं, तिच्या पायाशी मुद्दाम चेंडू घालवतं... एवढं सुख तिला पुष्कळ होतं. ते सांडू नये म्हणून ती जपून पावलं टाकायची.

“झुंबरे, मला खेळायला शिकीव की,” एकदा आकाराम म्हणाला. ऊन उतरलं होतं. लांबच्या गुऱ्हाळाचा गोड वास माळावर आला होता.

“तुला? तुला बरमदेव शिकवंना.”

“त्येला येळ नसंल. तुला हाय का?”

त्यानं बघितलं ते तसं नेहमीसारखंच होतं, पण डोळे काही हसत नव्हते. झुंबरनं घाईघाईनं खराटा उचलला आणि झाडलेलीच वाळू पुन्हा झाडली.

आणि मग तो दिवस आला. सगळे खळ्याभोवती जमले होते. आकारामनं चेंडू लांब ठेवला, काठी टेकली आणि मोठ्यानं म्हणाला,

“एका फटक्यात डब्यात घातला, तर झुंबर माझ्यासंगं पाट लावनार का, इचारा तिला!”

एकच हशा उसळला. तानाक्कानं टाळी दिली, गड्यांनी शिट्ट्या मारल्या. हा खरंच विचारतोय? की आजची थट्टा जरा पुढं गेलीय? खरं समजून ‘व्हय’ म्हणावं आणि त्यानं पोट धरून हसावं, म्हणजे मग? उद्या या माळावर कुठल्या तोंडानं यायचं?

“तुझा चेंडू डब्यात जाईल, तवा जोतिबाचा डोंगुर चालत कळंब्याला यील!” ती म्हणाली.

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. आकारामही हसला. मग काठी दोन्ही हातांत घट्ट धरून त्यानं हाळी दिली — “पोर!”

चेंडू निघाला.

असा सरळ चेंडू त्यानं कधी मारला नव्हता. तो खळ्यात शिरला, वाळूवर एक बारीक रेघ ओढत, सावकाश, डब्याकडं येऊ लागला. सगळे पुढं वाकून बघू लागले. झुंबर डब्यापाशीच उभी होती. ‘ये... ये...’ असं ती मनात म्हणत होती. चेंडू वीतभर राहिला — आणि तिचा हात हलला. खराटा आडवा पडला. चेंडू त्याला लागून बाजूला गेला.

का केलं तिनं तसं? खोडीची सवय म्हणा, भीती म्हणा. सगळ्यांच्या देखत आपलं मन उघडं पडेल, या एका धास्तीनं हात मनाच्या आधी धावला. हशा पुन्हा उसळला आणि तीही हसली. फक्त आकाराम हसला नाही. त्यानं चेंडू उचलला, त्याची वाळू पुसली आणि तो हुसेनचाचाच्या हातात दिला.

“डाव झाला, चाचा,” तो म्हणाला.

उद्या सांगू, झुंबरनं घरी जाता जाता ठरवलं. एकटा गाठू आणि सरळ सांगू.

दुसऱ्या दिवशी आकाराम आलाच नाही.

“बिद्रीला गेला त्यो,” हुसेनचाचा म्हणाला. “मामानं पोरगी ठरीवलीय. लै दिस टाळत हुता. म्हनला, हितं एकीला इचारायचं हाय, तिनं न्हाय म्हनलं तर जातो.”

झुंबर खळ्याच्या काठावर बसली.

“मी कुठं न्हाय म्हनलो, चाचा?”

हुसेनचाचा तिच्या शेजारी बसला. दाढी कुरवाळत म्हणाला,

“बेटी, साहेब ‘पोर’ न्हाय, ‘फोर’ म्हंत्यात. त्येचा अर्थ मला आदीपास्नं ठावं हुता. चेंडू येतोय, वाटंतनं बाजूला सरा. तुमी समदी हसत हुता, म्हणून बोललो न्हाय. काल तरी तुला सांगाय पायजे हुतं.”

वाळूवर ती बारीक रेघ अजून होती. डब्यापासून वीतभर अलीकडं येऊन थांबलेली. त्या दिवशी झुंबरनं खळं झाडलं नाही, आणि हुसेनचाचानंही तिला विचारलं नाही.

वर्षं गेली. भावजयीचा राग गेला, हुसेनचाचाची मुकादमकी गेली. झुंबरचा खराटा तेवढा राहिला. एका चैतात ती तानाक्काबरोबर जोतिबाला गेली. डोंगर गुलालानं लाल झाला होता. पायऱ्यांवर नारळवाल्याच्या पालापाशी कुणीतरी तिच्याकडं टक लावून बघत होतं. खळी गुलालानं भरली होती, तरी तिनं ओळखली.

“खेळतीस का अजून?” आकारामनं विचारलं.

“कुनासंगं खेळू?” ती म्हणाली. “वळू सोडणारं कोन ऱ्हायलं न्हाय.”

तो हसला. क्षणभर सगळं पूर्वीसारखं झालं. मग त्यानं हळूच विचारलं, “झुंबरे, एक इचारू? खराटा का आडवा घातलास गं?”

उत्तर तिच्याजवळ तयार होतं. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं.

“चेंडू डब्यात जात हुता, म्हणून.”

तो म्हणाला, “मला वाटलं, तू न्हाय म्हनलीस.”

“न्हाय म्हनायचं अस्तं, तर मला त्वांड हुतं की. व्हय म्हनायला तेवढं फुटलं न्हाय.”

आकारामनं डोळे मिटले. तेवढ्यात पायरीवरून “अवं, पोरगी कुठं गेली?” अशी हाक आली आणि गुलालानं माखलेली एक चिमुरडी येऊन त्याच्या पायाला बिलगली. त्यानं तिला कडेवर घेतलं. मागं त्याची बायको उभी होती, साधी, चांगल्या चेहऱ्याची. तिच्यावर राग धरावा म्हटलं तरी झुंबरला धरवेना.

“नाव काय गं तुझं?” झुंबरनं पोरीला विचारलं.

उत्तर ऐकायच्या आतच हलगी कडाडली. वरून देवाची सासनकाठी येत होती, उंच बांबूची, डुलत, आणि तिच्यासंगं माणसांचा लोंढा. झुंबर नेमकी वाटेत उभी होती.

“पोर!” आकाराम जीव तोडून ओरडला.

कडेवरची मुलगी बापाकडं बघायला लागली. तिला वाटलं, आपल्यालाच म्हणतोय.

या खेपेला झुंबर बाजूला सरली.