व्यंकटरावांच्या मोटारीचा होजपाईप

शेकोटीजवळ सरका, अन् मधी कुणी बोलू नका. ही ऐकीव गोष्ट न्हाई. जिंतूरचा भागवत मिस्त्री माझा साडू. त्याच्यावर गुदरलेली हाय.

जिंतूरला व्यंकटरावांकडं आजोबांच्या वेळची विलायती मोटार हाय. लांबलचक नाक, पितळी रेडिएटर. निजामाच्या राज्यात अशी मोटार म्हणजे दारात हत्ती झुलल्यागत. तिला खोड एकच. रेडिएटरमधून इंजनाकडं जाणारा रबरी होजपाईप गळायचा, अन् ती गळती बंद करावी तर योगीराज मिस्त्रीनंच. भागवत अन् योगीराज एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. पण व्यंकटरावांनी भागवतला गाडी कधी शिवू दिली न्हाई. बाजारात कुणी योगीराजचं नाव काढलं की भागवतच्या घशाखाली चहा उतरत नसे.

पावसाळ्यात योगीराज काविळीनं अंथरुणाला खिळला. भागवत भेटायला गेला. तब्येत विचारली, अन् न राहवून गाडीचंही विचारलं. योगीराजनं भिंतीकडं तोंड फिरवलं.  त्याच आठवड्यात गेला. तिरडीला खांदा देताना भागवतच्या मनात एकच, आता गाडी माझी.

गेल्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, व्यंकटरावांच्या लेकीचं, राजेश्रीचं, परभणीत लग्न होतं. तिची पाठवणी ह्याच गाडीतून व्हायची. दुसरा मिस्त्री न्हाई म्हणून काम भागवतकडं आलं. त्यानं जीव ओतला. दोष पाईपचा नव्हताच. रेडिएटरचं तोंड क्षारानं खरबरीत झालेलं, रबर त्याच्यावर बसायचंच न्हाई. भागवतनं ते घासून गुळगुळीत केलं, नवा जाड पाईप चढवला, क्लिपा आवळल्या. दिवसभर इंजन चालवलं. एक थेंब न्हाई. व्यंकटरावांनी वाकून पाहिलं, म्हणाले, योगीराज असता तर घोर नसता.

लग्नाच्या आदल्या रात्री, रस्ता मोकळा मिळावा म्हणून, भागवत जेवून एकटाच गाडी घेऊन निघाला. टिपूर चांदणं. दोन्ही अंगाला तुरी. बोरी गाव मागं पडलं, अन् गरम पाण्याचा वास आला.

त्यानं गाडी थांबवली. जुन्या गाड्यांचं बॉनेट दोन बाजूंनी उघडतं, पाखराच्या पंखांवाणी. भागवतनं डावी बाजू उचलली. पाईप गळायलाय. त्यानं क्लिपच्या स्क्रूला पेचकस लावला. क्लिप घट्टच होती. तरी पाणी गळायलंय.

तेवढ्यात उजवी बाजू उचलल्याचा आवाज आला.

भागवतनं मान वर केली न्हाई.

इंजनाच्या पलीकडून एक हात आला. त्यानं उकळता पाईप मुठीत धरला. असाच, उघड्या हातानं. गळती थांबली.

"पेचकस दे."

आवाज भागवतनं ओळखला.  पण भीतीच्या वर काहीतरी उसळलं. मेला तरी हा गाडी सोडत न्हाई...

"न्हाई देत," भागवत म्हणाला. "गाडी माझी हाय आता."



मूठ सुटली. पाणी फसकन उडालं. वाफ. खाली रस्ता भिजत चालला. भागवतनं क्लिप धरली, फडकं दाबलं, हात पोळला. पाणी थांबेना. रेडिएटरची टाकी रिकामी झाली की इंजन जाम. सकाळी मांडव. नवरी दारात उभी...

आसपास ना गाव, ना दिवा.

त्यानं पेचकस पलीकडं धरला.

कुणीतरी घेतला. हळूच.

क्लिप फिरली. एकदा. अजून एकदा. मग उजवी बाजू खाली आली... अन् काहीच न्हाई. फक्त तुरीतला वारा.

भागवतनं पिण्याच्या पाण्याचा कॅन टाकीत ओतला अन् परभणी गाठली. दुसऱ्या दिवशी राजेश्री त्याच गाडीतून सासरी गेली. थेंब पडला न्हाई. व्यंकटरावांनी चारचौघांत भागवतच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "योगीराजलाही असं जमलं नव्हतं."

जन्मभर ज्या शब्दासाठी जळला, तो ऐकून भागवत खाली बघत राहिला. "तो हात माझा न्हाई, मालक," एवढंच बोलला. जिंतूरला येऊन त्यानं रेडिएटरचं सगळं पाणी काढलं, चावी परत केली. त्या गाडीला पुन्हा शिवला न्हाई.

तवापासून ती शेडमधी कोरडी उभी हाय. पौषात मी गेलो होतो, कडाक्याच्या थंडीत. इंजनाचं लोखंड बर्फावाणी गार. मी पाईपला हात लावला...

कोमट होता. मुठीएवढ्याच जागेवर.