चौदा नंबरच्या खोलीतली हाजिरी

मोबाईल ठेव खाली, देविदास. ही काही कुठं वाचलेली गोष्ट न्हाई. साखऱ्याचा विश्वंभर माझ्यासंगं शाळंत व्हता. त्यानं मला हे सोताच्या तोंडानं सांगितलं.

मागच्या साली, सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी विश्वंभर बापाच्या कामाला निघाला. बाप संतराम, ब्याऐंशीचा, डोळ्यानं काही दिसत न्हाई. त्या संतरामचा बाप दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालात इमानं उतरायच्या मैदानावर कामाला गेला, तिथल्या लष्करी लाईनीत राह्यला. मग ना चिठ्ठी, ना निरोप. संतराम तवा पाळण्यात. आईनं मरेस्तोवर कुंकू लावलं. मंग पितर घालावं कसं? जित्या माणसाला कोणी घास टाकतं का?

"मेला का नुसता गेला, तेवढं पाहून ये रे," म्हातारा रडकुंडीला आला. "माझे डोळे मिटायच्या आत बापाला जेवू घालू दे."

विश्वंभरला नाव आज्याचंच ठेवलेलं.

मैदान बाळापूरच्या पलीकडं. नेमकं कुठं ते सांगत न्हाई, तुमी लगेच गाड्या काढसाल. जवळा बाजारला गाडी पंचर झाली, म्हणून पोचायला सांजचे साडेसात वाजले. राखणदार उत्तमसिंग फाटकावर बसेल व्हता.

"चौदा नंबर पहा, साखऱ्याचं नाव हाये तिथं," गावाचं नाव ऐकून तो म्हणला. "तवा पटकीची साथ आल्ती. जो मेला त्याच्या नावापुढं फुली. पण भाऊ, आठच्या आत भाहीर या."

"काहून?"

उत्तमसिंगनं फाटक उघडलं.

चौदा नंबरची खोली. भिंतीवर डांबरानं आठ नावं. वरच्या सातांपुढं फुली. शेवटलं नाव, विश्वंभर, साखरा. त्याच्यापुढं काहीच न्हाई.

म्हंजे आजा वाचला! पळाला असंल. विश्वंभरला बरं वाटलं, आन् लगेच जीव खट्टू झाला. आता बापाला काय सांगावं?

त्याच इचारात आठ वाजले. भाहीर कोणीतरी खाकरलं, वही उघडली, भिंतीवरलं पयलं नाव पुकारलं.

"सेवा, तांडा!"

"हाजीर."

आवाज खोलीतूनच आला. त्याच्या उजव्या अंगाला. त्यानं बॅटरी फिरवली. कोणी न्हाई.

"मोहनसिंग, जवळा!"

"हाजीर."

हा मागून.

भिंतीवर होती त्याच वळीनं नावं येऊन राहिली. तिसरं. चौथं. सातवं. मंग...

"विश्वंभर, साखरा!"

...

दिसत कोणी नव्हतं. पण सगळे त्याच्याकडंच पाहून राहिले, एवढं त्याला कळलं.

"विश्वंभर... साखरा!"

त्यानं दातावर दात दाबले.

तिसरी हाक आली. थकलेली. लई वर्सं थांबलेली.

"विश्वंभर..."

साठ वर्सं त्याच नावाला ओ दिलेली, पोरांहो. जीभ बोलून गेली.

"हाजीर."

भाहीर वही मिटली. पावलं मैदानाकडं गेली.

तो फाटकापोतर कसा आला, त्याचं त्याला आठवत न्हाई.

घरी त्यानं बापाला खरं तेच सांगितलं. फुली न्हाई, आजा तिथं मेला न्हाई. म्हातारा खाटेवर उठून बसला. मंग म्हणला, "शंभरीच्या वर कोण जगतं रे? घाला पान."

अमावस्येला पत्र्यावर पान ठेवलं. वडे, खीर, भात. कावळे आले. वळीनं बसले. पानाला कोणी चोच लावंना. दुपार टळली. म्हातारा खाटेवर हात जोडून बसलेला. विश्वंभरला शुगर, लई येळ उपाशी ऱ्हाता येत न्हाई. "तू दोन घास खा, बापा," म्हाताराच म्हणला.

विश्वंभर उंबऱ्यात ताट घेऊन बसला. घास उचलला...

एक कावळा पत्र्यावरून उतरला. पानाच्या बाजूनं गेला. सरळ त्याच्या ताटात आला. वडा फोडला. हाकललं, न्हाई गेला. दुसरा उतरला. तिसरा.

पंखांचा आवाज म्हाताऱ्यानं ऐकला. आंधळ्या डोळ्यांतून पाणी.

"खाल्लं रे! माझ्या बापानं खाल्लं!"

कोणाच्या ताटातलं, आन् आठव्या नावाला हाजीर कोण म्हणलं, हे विश्वंभरनं त्याला आजून सांगितलं न्हाई.